गरोदरपणात अंगाला खाज सुटली तर : घरी काय करावं, दवाखान्यात कधी जावं

गरोदर बाईच्या अंगाला खाज सुटली की घरातल्या मोठ्या बायका सहसा काळजी करत नाहीत. कुणी म्हणतं, "बाळाला जावळ दाट येणार." कुणी म्हणतं, "गर्मी झाली, सब्जा भिजवून दे." बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं. पोट वाढतं, कातडी ताणली जाते, घाम जास्त येतो आणि खाज सुटते.

पण एक खाज वेगळी असते. तळहात आणि तळपायांना सुटते, रात्री वाढते, झोप येऊ देत नाही आणि अंगावर पुरळ मात्र दिसत नाही. ही खाज कातडीची नसते, ती लिव्हरमधून, म्हणजे यकृतातून आलेली असते. तिचा परिणाम पोटातल्या बाळावर होऊ शकतो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : शेवटच्या तीन महिन्यांत, पुरळ नसताना, हातापायांच्या तळव्यांना खाज सुटली तर मलम शोधत बसू नका, रक्त तपासा.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या पालकसभेला आलेली एक आई बाकाच्या कडेला सारखे पाय घासत होती. आठवा महिना चालू होता. विचारलं तर म्हणाली, "रातभर नींद नै आरी मॅडम, हात-पाव में खुजली होरी." घरच्यांनी मेहंदीला दोष दिला होता, कारण चार दिवसांपूर्वीच गोदभराई झाली होती. दुसऱ्या दिवशी तिची सासूच तिला दवाखान्यात घेऊन गेली. लिव्हरचा रिपोर्ट वाढलेला निघाला. डॉक्टरांनी लक्ष ठेवलं, तारखेच्या थोडं आधी बाळंतपण केलं आणि अल्लाहच्या कृपेने आई-बाळ दोघं सुखरूप राहिले. ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी, असं तेव्हापासून वाटतं.

साधी खाज कशी ओळखायची

साधी खाज बहुधा पोट, मांड्या आणि छाती यांवर असते, म्हणजे जिथे कातडी ताणली जाते तिथे. कातडी कोरडी असेल, पांढरट कोंडा निघत असेल, तेल लावल्यावर बरं वाटत असेल, तर काळजीचं कारण सहसा नसतं. मराठवाड्यातला मार्च ते मे हा उन्हाळा, बोअरचं जड पाणी आणि अंगभर नायलॉनचे कपडे यांनीही खाज वाढते. घामोळं मान, पाठ, काख आणि स्तनांखाली येतं.

अशा खाजेवर घरी एवढं करा :

- अंघोळीला फार कढत पाणी घेऊ नका. कोमट किंवा साधं पाणी घ्या. साबण कमी लावा.
- अंग चोळून पुसू नका, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा.
- वुजूसाठी दिवसातून अनेकदा हात-पाय धुतले जातात. नंतर ते पुसून कोरडे करा. रात्री झोपताना तेल लावा.
- घरात सैल सुती कपडे घाला. बुरखाही हलक्या कापडाचा असला तर घाम कमी येतो.
- खाज जास्त असेल तिथे थंड पाण्याची घडी ठेवा. कॅलामाइन लोशन गरोदरपणात लावता येतं.
- नखं कापून ठेवा. खाजवून जखम झाली तर तिथे पू होतो.

चार-सहा दिवसांत आराम पडला नाही, खाज पसरली किंवा झोप मोडू लागली, तर दवाखान्यात दाखवा.

पुरळ असलेली खाज

अंगावर काही उठलेलं दिसत असेल तर ते काय आहे हे डॉक्टरांनी पाहून ठरवायचं असतं. तरी घरच्यांना साधारण अंदाज असावा.

पोटावरचे लाल फोड : पहिलटकरणीला शेवटच्या महिन्यांत पोटावर, ताणाच्या रेषांमध्ये, बारीक लाल फोड उठतात. बेंबीच्या लगतची जागा बहुधा सुटते. खाज खूप असते, पण बाळाला यापासून धोका नसतो आणि बाळंतपणानंतर हे जातं.

बेंबीजवळून सुरू होणारे पाण्याचे फोड : हा आजार क्वचित होतो. आधी बेंबीभोवती लाल चट्टे येतात, मग पाणी भरलेले मोठे फोड येतात. यात बाळाचं वजन कमी भरू शकतं आणि बाळ लवकर जन्मू शकतं. तज्ज्ञांना लगेच दाखवा.

खरूज : बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर आणि काखेत बारीक पुटकुळ्या येतात. रात्री खाज वाढते. घरातल्या दुसऱ्या कुणाला, विशेषतः मुलांना, अशीच खाज असेल तर खरजेचा संशय घ्या. गरोदर बाईला चालणारं औषध असतं, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार घ्यायला हवेत. अंथरूण-पांघरूण आणि कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका.

गजकर्ण किंवा नायटा : जांघ, कंबर, स्तनांखाली गोल चट्टे, कडेला लाल. आपल्याकडे हा फार वाढलेला आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे मेडिकलवरून कुणालाही मिळणारं "खाजेचं ट्यूब". त्यात बुरशीच्या औषधाबरोबर जोरदार स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं, नंतर नायटा दुप्पट पसरतो. गरोदरपणात असं जोरदार स्टेरॉईड अंगाच्या मोठ्या भागावर बरेच दिवस लावलं तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो. शेजारणीचं ट्यूब लावू नका. पोटात घ्यायच्या नायट्याच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

लाज वाटणाऱ्या जागेची खाज : गरोदरपणात अंगावरून पांढरं जाणं आणि खाज येणं हे बुरशीमुळे वारंवार होतं. उपचार सोपा आहे, पण बायका सांगतच नाहीत. लघवीला जळजळ असेल तर लघवीची तपासणीही करून घ्या.

पुरळ नसलेली, तळव्यांची खाज

आता मूळ विषयाकडे येऊ. या आजाराला डॉक्टर "गरोदरपणातील कोलेस्टेसिस" म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर लिव्हर रोज पित्त तयार करतं आणि ते आतड्यात सोडतं. गरोदरपणात वाढलेल्या हार्मोन्समुळे काही बायकांच्या लिव्हरमधून पित्त नीट वाहत नाही. मग पित्तातली आम्लं, ज्यांना बाइल ॲसिड म्हणतात, रक्तात साठू लागतात आणि खाज सुरू होते.

हा आजार बहुधा सातव्या महिन्यानंतर दिसतो, कधीकधी त्याआधीही. त्याच्या खुणा अशा :

- खाज तळहात आणि तळपायांना जास्त, नंतर हात, पाय, पोट, पाठ कुठेही.
- रात्री वाढते. झोप होत नाही.
- खाजवल्याचे ओरखडे दिसतात, पण स्वतःहून उठलेलं पुरळ नसतं.
- तेल लावून, अंघोळ करून फरक पडत नाही.
- लघवी चहासारखी गडद होते, शौचाचा रंग फिकट, मातकट होतो. हे प्रत्येकीला होईलच असं नाही.
- काही जणींचे डोळे पिवळे होतात. पण बहुतेकींना कावीळ दिसत नाही. म्हणून "डोळे तर पांढरे आहेत" म्हणून निश्चिंत राहू नका.

आपल्या भागात याची माहिती असणं जास्त गरजेचं आहे. ब्रिटनमध्ये सर्व वंशांच्या गरोदर बायकांत हे प्रमाण हजारात सुमारे ७ आहे, तर मूळच्या भारतीय आणि पाकिस्तानी घराण्यांतल्या बायकांत हजारात १२ ते १५. म्हणजे जवळपास दुप्पट. आईला किंवा बहिणीला झाला असेल, मागच्या खेपेला झाला असेल किंवा पोटात जुळी असतील, तर शक्यता आणखी वाढते. त्यामुळे पहिल्या तपासणीलाच अम्मीला आणि आपाला विचारून ठेवा : "तुमच्या वेळी अशी खाज होती का?"

बाळाला धोका किती?

घाबरवण्यासाठी नाही, खरं कळावं म्हणून सांगते. या आजारात बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याची आणि पोटातच शी करण्याची शक्यता वाढते. सर्वांत मोठी भीती म्हणजे बाळ अचानक पोटात दगावणं. पण ही भीती सगळ्यांना सारखी नसते. ती रक्तातल्या बाइल ॲसिडच्या आकड्यावर अवलंबून असते.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच हजारांहून जास्त आजारी बायकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यात असं दिसलं की आकडा १०० मायक्रोमोलच्या खाली असेल तर बाळ दगावण्याचं प्रमाण इतर गरोदर बायकांइतकंच असतं. आकडा १०० किंवा त्याच्या वर गेला तर मात्र ते शंभरात तीन-चारपर्यंत जातं. म्हणजे बहुसंख्य बायकांना धीर देणारी ही बातमी आहे आणि थोड्या बायकांसाठी हा धोक्याचा इशारा आहे. आपण कोणत्या बाजूला आहोत हे फक्त रक्ताच्या तपासणीने कळतं. खाज किती आहे यावरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सोनोग्राफी चांगली आली म्हणजे हा धोका नाही, असा अर्थ होत नाही. सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि पाणी दिसतं, आईच्या रक्तातलं ॲसिड दिसत नाही.

कोणत्या तपासण्या मागायच्या

दोन तपासण्या महत्त्वाच्या आहेत. पहिली लिव्हरची, जिला एलएफटी म्हणतात. त्यात एसजीपीटी आणि एसजीओटीचे आकडे पाहतात. ही बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि तालुक्याच्या लॅबमध्ये होते. दुसरी बाइल ॲसिडची. तिचा नमुना बऱ्याचदा मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवावा लागतो, त्यामुळे रिपोर्ट यायला वेळ लागतो. म्हणूनच "आठ दिवस बघू" असं म्हणू नका. नमुना द्यायलाच उशीर झाला तर रिपोर्ट त्याहून उशिरा येणार.

पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज तशीच राहिली, तर आठवडा-दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची असते. खाज आधी सुरू होते, रक्तातला बदल कधीकधी नंतर दिसतो. एकदा नॉर्मल आला म्हणून फाईल कपाटात ठेवू नका. गरज वाटली तर डॉक्टर काविळीच्या विषाणूंची तपासणी आणि पित्ताशयाची सोनोग्राफीही सांगतात.

उपचार काय असतात

खाज कमी करायला थंडावा देणारं लोशन, झोपेसाठी डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी, आणि बऱ्याच ठिकाणी उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्यांवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१९ मध्ये आला. खाजेत थोडा फरक पडला, पण बाळावरचा धोका या गोळ्यांनी कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यामुळे गोळी चालू आहे म्हणून तपासणी चुकवायची नाही.

खरा उपचार म्हणजे लक्ष ठेवणं आणि योग्य वेळी बाळंतपण करणं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार आकडा १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ३५ ते ३६ आठवड्यांत, ४० ते ९९ असेल तर ३८ ते ३९ आठवड्यांत बाळंतपणाचा विचार करतात. त्याहून कमी असेल तर ४० आठवड्यांपर्यंत थांबता येतं. आपले डॉक्टर आईचं वय, साखर, ब्लडप्रेशर आणि बाळाची वाढ पाहून यात बदल करतात.

इथे घरात वाद होतो. "अजून दिवस भरले नाहीत, डॉक्टरला सिझरचे पैसे पाहिजेत," असं कुणीतरी म्हणतंच. अशा वेळी भांडू नका, रिपोर्ट मागा आणि विचारा : बाइल ॲसिड किती आहे? किती आठवडे झाले? थांबलो तर काय होईल? आकडा समोर असला की निर्णय सोपा होतो. आणि या आजारात सिझरच करावं लागतं असंही नाही. कळा आणून साधं बाळंतपणही होतं.

खाज आणि कावीळ एकत्र असेल तर

डोळे पिवळे, भूक मेली, उलट्या, ताप, अशा वेळी हिपॅटायटिस ई म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ असू शकते. इतरांना ती बहुधा आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जीव जाण्याचं प्रमाण शंभरात २० ते २५ पर्यंत जाऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या भागाला पाण्याची टंचाई नवीन नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरचं, साठवलेलं, उघड्या हौदातलं पाणी गरोदर बाईला उकळूनच द्या. स्वयंपाकाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा.

काविळीसाठी हात चुन्याच्या पाण्याने धुऊन "कावीळ उतरवणं", गळ्यात माळ घालणं, नाकात किंवा डोळ्यांत थेंब टाकणं हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. चुन्याच्या पाण्यात दिसणारा पिवळेपणा म्हणजे शरीरातली कावीळ नव्हे. नाका-डोळ्यांत टाकलेल्या औषधाने इजा होते. आणि सर्वांत मोठं नुकसान म्हणजे दिवस वाया जातात. दम केलेलं पाणी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, दुआ करा, पण दवाखान्याच्या वाटेवर करा.

मेहंदीचा गैरसमज

सातव्या-आठव्या महिन्यात गोदभराईला हातापायांना मेहंदी लागते. लिव्हरची खाजही नेमकी त्याच वेळी आणि त्याच जागी सुरू होते. म्हणून दोष मेहंदीला जातो. फरक असा ओळखा : मेहंदीची ॲलर्जी असेल तर जिथे नक्षी काढली तिथेच लाली, सूज, फोड येतात. रंग लवकर चढणाऱ्या काळ्या मेहंदीत केस रंगवण्याचं रसायन असतं, त्याने भाजल्यासारखं होतं. ती गरोदरपणात लावूच नका. पण तळव्यांवर लाली नाही, फोड नाहीत आणि नुसती खाज आहे, तर मेहंदीला सोडा आणि रक्त तपासा.

परदा आणि रोजे

अंग दाखवावं लागेल म्हणून काही बहिणी डॉक्टरकडे जात नाहीत. लेडी डॉक्टर मिळत असेल तर तीच पाहावी, यात दुमत नाही. पण मिळत नसेल तर गरजेपुरतं दाखवायला शरीअतने सवलत दिलेली आहे. शिवाय या आजारात बहुतेक वेळा हाताची शीर आणि तळवे एवढंच दाखवावं लागतं. रक्ताची तपासणी परद्यात राहूनही होते.

रमजानमध्ये स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर गरोदर बाईला रोजा सोडून नंतर ठेवण्याची सवलत आहे. लिव्हरचा आजार निघाला असेल, गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतील, उलट्या होत असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या, मग आपल्या मौलाना साहेबांना विचारा. "लोक काय म्हणतील" म्हणून रोजा ठेवून गोळ्या चुकवू नका.

आणखी एक अडचण परवानगीची. शौहर पुण्या-मुंबईला किंवा आखातात कामाला असतो. त्याचा फोन लागेपर्यंत सून रात्र-रात्र खाजवत बसते. घरातल्या थोरांनी हे आधीच ठरवून ठेवावं : गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला कुणाच्याही फोनची वाट पाहायची नाही.

नांदेड-लातूरमध्ये कुठे जायचं

सुरुवात आपल्या गावच्या आशाताई आणि एएनएम सिस्टरपासून करा. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. पण तळव्यांची खाज सुरू झाली असेल तर ९ तारखेची वाट पाहू नका.

तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात लिव्हरची तपासणी होते का ते विचारा. रिपोर्ट वाढलेला असेल तर पुढे मोठ्या रुग्णालयात जावं लागेल : नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळासाठी वेगळा कक्ष जिथे आहे, अशाच ठिकाणी बाळंतपण ठरवा.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. हा २०११ पासूनचा हक्क आहे. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करा.

माहेरी जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. लातूरची सून सातव्या महिन्यात अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला अम्मीकडे येते आणि फाईल मात्र सासरच्या कपाटात राहते. नव्या डॉक्टरांना आधीचं काहीच कळत नाही. नेमका याच महिन्यांत हा आजार सुरू होतो. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. माहेरी पोचल्यावर आठ दिवसांच्या आत तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवा.

डॉक्टरांकडे काय सांगायचं

"खाज येते" एवढंच सांगितलं तर मलम लिहून मिळण्याची शक्यता जास्त. एवढं सांगा : कितवा महिना आणि कितवा आठवडा चालू आहे, खाज कधीपासून आहे, तळव्यांना आहे का, रात्री वाढते का, पुरळ आहे का, लघवी-शौचाचा रंग बदलला का, घरात कुणाला झालं होतं का, आणि कोणतं मलम किंवा जडीबुटीचं औषध घेतलं. मराठीत बोलायला संकोच वाटत असेल तर हे आधी कागदावर लिहून घ्या. आणि शेवटी स्पष्ट विचारा : "लिव्हरची आणि बाइल ॲसिडची तपासणी करायची का?"

कधी जायचं, थोडक्यात

आज किंवा उद्याच जा :
- तळहात-तळपायांना पुरळाशिवाय खाज, विशेषतः रात्री
- खाजेने झोप मोडते आहे
- लघवी गडद किंवा शौचाचा रंग फिकट
- मागच्या खेपेला हा आजार झाला होता आणि आता पुन्हा खाज सुरू झाली
- पाण्याचे फोड, ताप, किंवा खाजवलेल्या जागी पू

लगेच, रात्र असली तरी जा, १०८ ला फोन करा :
- बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली
- डोळे पिवळे आणि सोबत उलट्या, गुंगी किंवा बडबड
- उजवीकडे फासळ्यांखाली जोरात दुखतंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर अंधारी येते, तोंड-हात सुजले
- अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय

बाळंतपणानंतर

हा आजार बाळ झाल्यावर जातो. खाज काही दिवसांत कमी होते. तरी चार-सहा आठवड्यांनी लिव्हरची तपासणी एकदा करून घ्या. चाळिसाव्याच्या गडबडीत ती राहून जाते. तेव्हाही रिपोर्ट वाढलेला असेल तर लिव्हरचा दुसरा आजार शोधावा लागतो. बाळाला अंगावर पाजायला हरकत नसते. पुढच्या गरोदरपणात हा आजार पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, म्हणून पुढच्या वेळी पहिल्याच तपासणीला सांगा. संततिनियमनाच्या गोळ्या घेण्याआधीही हे डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तुमच्या लेकीला, बहिणीला सांगून ठेवा. हा आजार घराण्यात चालतो, म्हणून त्याची माहितीही घराण्यात चालली पाहिजे.

घरात कुणी हामिला असेल तर आज रात्री तिला एवढंच विचारा : "तळव्यांना खाज येते का, झोप लागते का?" उत्तर "हो, खाज आहे" असं आलं, तर सकाळी फाईल घेऊन निघा. अल्लाह सगळ्या आयांना आणि बाळांना सलामत ठेवो.